न वाळणारा रंग

एखादी कथा मनांत इतकी रुतून बसते कीं, ती नुसती वाचून किंवा पडद्यावर पाहून रसिकाचें समाधान होत नाहीं. त्या कथेंतील माणसें आपल्या हातानें काढावीं, तो प्रसंग आपल्या मनश्चक्षूंना दिसला तसा रंगवावा, अशी ओढ त्याला लागते. या ओढीनें काढलेल्या चित्राला इंग्रजींत ‘फॅन आर्ट’ असें नांव आहे. मराठींत त्याला ‘चाहत्याचें चित्र’ म्हणण्यास हरकत नसावी. पूर्वीं अशीं चित्रें वहीच्या पाठकोऱ्या पानांवर निघत; आतां तीं बहुधा संगणकाच्या पडद्यावर निघतात. घरांतील मुलगा किंवा मुलगी रात्रीं उशिरांपर्यंत काळ्या पाटीवर लेखणी फिरवीत बसते, तीन तीन महिने एकच चित्र चाललेलें असतें, आणि पुढें एके दिवशीं त्याचें नांवही निघेनासें होतें. वडील माणसें विचारतात, ‘‘एवढा वेळ गेला, पण चित्र कोठें आहे?’’

हा प्रश्न वाटतो तितका अरसिक नाहीं. चित्र सुरू करणें ही एक विद्या आहे आणि तें पुरें करणें ही दुसरी. पहिली येणाराला दुसरी आपोआप येतेच असें नाहीं. संगणकावरील मोठ्या चित्राच्या बाबतींत ही दुसरी विद्या विशेष कठीण कां होते, आणि ती एकदां साधली म्हणजे साधणाराच्या हातीं काय लागतें, याचा विचार करण्यासारखा आहे.

हा छंद पोरकट आहे अशी कोणाची समजूत असल्यास एक उदाहरण सांगितलें पाहिजे. जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज प्राध्यापकांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही प्रचंड कादंबरी १९५४ व १९५५ या दोन वर्षांत तीन भागांनीं प्रसिद्ध झाली. तिचें मराठी भाषांतरही झालें आहे. १९७० च्या सुमारास डेन्मार्कच्या राजकन्या मार्ग्रेथ यांना या कादंबरीनें इतकें वेड लावलें कीं, त्यांनीं तिच्यावर चित्रें काढून तीं थेट टॉल्किन यांच्याकडे पाठविलीं. पुढें १९७२ मध्यें त्या देशाच्या राणी झाल्या, आणि १९७७ सालच्या डॅनिश आवृत्तींत त्यांचीं तीं चित्रें, एरिक फ्रेझर या इंग्रज चित्रकारानें पुन्हां रेखाटून, छापलीं गेलीं. चित्रांवर नांव मात्र राणीचें नव्हतें. ‘इंगाहिल्ड ग्राथमेर’ हें टोपणनांव होतें. चाहत्याचें चित्र तें हेंच. फरक इतकाच कीं, तीं चित्रें शाईचीं होतीं, आणि शाई वाळते.

संगणकावरचा रंग वाळत नाहीं, आणि पुढची सगळी अडचण यांतून निघते. साधनांची माहिती थोडक्यांत देतां येईल. एक सपाट पाटी असते आणि तिच्यावर फिरवावयाची, शाई नसलेली लेखणी. लेखणीचा दाब किती पडला याची नोंद पाटी घेते. दाब वाढला कीं पडद्यावरील रेघ जाड किंवा गडद होते. पडद्यावर लेखणीनें रेघ काढण्याचा प्रसिद्ध प्रयोग आयव्हन सदरलँड यांनीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९६३ सालीं केला. ‘फोटोशॉप’ हें सॉफ्टवेअर १९९० सालीं विक्रीस आलें आणि १९९४ सालच्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तींत ‘थरां’ची सोय झाली. थर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कांचा समजाव्या. एका कांचेवर आकाश, दुसरीवर डोंगर, तिसरीवर घोडा. घोडा बिघडला तर तेवढीच कांच पुसावी, डोंगराला धक्का लागत नाहीं. याखेरीज चुकलेली रेघ मागें घेण्याची सोय आहे. खोडरबराचा डाग नाहीं, कागद झिजणें नाहीं. एक कळ दाबली कीं ती रेघ जणूं कधीं काढलीच नव्हती.

जुन्या साधनांशीं याची तुलना करावी. रोम येथील सिस्टीन चॅपेलचें छत मायकेल अँजेलोनें १५०८ ते १५१२ या काळांत रंगविलें, तें ओल्या गिलाव्यावर. जेवढा गिलावा एका दिवसांत रंगवून होईल तेवढाच सकाळीं लावावयाचा, आणि तो सुकण्यापूर्वीं काम उरकावयाचें, अशी त्या पद्धतीची शिस्त असे. दिवसाच्या या तुकड्याला इटालियन भाषेंत ‘जोर्नाता’ म्हणतात. छतावर प्रथम रंगविलेल्या प्रसंगांपैकीं जलप्रलयाच्या चित्रांत माणसांची इतकी दाटी आहे, आणि तीं इतकीं लहान आहेत कीं, सुमारे २० मीटर खालीं उभें राहून पाहणाराला तीं नीट उमगत नाहींत. पुढच्या प्रसंगांत माणसें थोडीं आहेत आणि मोठीं आहेत. जलप्रलय मात्र जसाच्या तसा राहिला. चुकीचें चित्र मागें राहिलें व शहाणपण पुढच्या चित्रांत गेलें. गिलाव्यानेंच ही व्यवस्था लावून दिली होती. जलरंगाचें कामही असेंच. कागद एकदां मळला कीं मळला. तैलरंगांत खरडून पुन्हां रंगवितां येतें, पण त्यालाही कांहीं सुमार आहे. संगणकाच्या चित्राला ‘आतां पुरे’ असें सांगणारें साधन एकही नाहीं. तें सांगावयाचें तें चित्रकारानेंच.

आतां एक प्रत्यक्ष चित्र घेऊं या. समजा, एका तरुणीनें टॉल्किन यांच्या त्याच कादंबरींतील पेलेनॉरच्या मैदानावरील लढाई रंगविण्याचें मनांत घेतलें. चाहत्यांचा हा आवडता प्रसंग आहे, आणि कोणाचीही परीक्षा पाहणारा आहे. वृद्ध राजा थेओडेन घोड्याखालीं सांपडून पडला आहे. त्याच्यावर पंख असलेलें एक भयंकर जनावर झेपावलें आहे व त्या जनावरावर, ज्याचा चेहराच दिसत नाहीं, असा काळा सरदार बसला आहे. मुगुट आहे, डोळ्यांची चमक आहे, आणि मध्यें कांहीं नाहीं. राजा आणि हा सरदार यांच्यामध्यें एकच शिपाई उभा राहतो. तो पुरुषवेषांतील राजाची भाची एओविन आहे. जवळच मेरी नांवाचा ठेंगू हॉबिट भीतीनें जमिनीवर सरपटत आहे, आणि भोंवतीं हजारों माणसांची लढाई चालू आहे.

लढाई, जनावर, भूत, घोडा, चिलखत, स्त्री, राजा आणि उजाडतें आकाश. इतकें सगळें एका चौकटींत! हिंमत दांडगी खरी. पण पहिला धडा लेखणी उचलण्याआधींच वाट पाहत असतो, आणि तो वाचनाचा आहे. पुस्तकांत हा प्रसंग काळजीनें वाचला तर प्रकाश कसा बदलतो तें ध्यानांत येतें. जनावर पंख पसरून आलें तेव्हां त्याच्याबरोबर अंधार आला आहे. शिरस्त्राण गळून पडलेल्या एओविनचे सोनेरी केंस तेवढे त्या अंधारांत चमकतात. ती एका घावांत जनावराचें मस्तक उडविते, तेव्हां तो अंधार सरतो आणि उगवत्या सूर्याचा प्रकाश तिच्यावर पडतो. त्यानंतर काळा सरदार उठून गदेचा प्रहार करतो. तिच्या ढालीचे तुकडे होतात, हात मोडतो. मेरी मागून त्याच्या गुडघ्यावर वार करतो आणि मग ती तलवार चालविते. म्हणजे जेव्हां पंख पसरलेले आहेत तेव्हां ऊन नाहीं, आणि ऊन पडलें तेव्हां पंख मातींत आहेत.

होतकरू चित्रकाराला मात्र सगळेंच हवें असतें. पंखही पसरलेले, ऊनही कोवळें, तलवारही उगारलेली आणि गदाही हवेंत! चित्राला एकच क्षण दाखवितां येतो, म्हणून तो निवडून घ्यावा लागतो, हें लेसिंग या जर्मन ग्रंथकारानें १७६६ सालीं ‘लाओकोन’ या निबंधांत विस्तारानें मांडलें. चाहत्याच्या चित्रांत ही निवड आणखी अवघड होते, कारण त्याच्या डोळ्यांपुढें केवळ पुस्तक नसतें. २००३ सालीं आलेल्या चित्रपटांत त्या काळ्या सरदाराच्या हातीं गदेऐवजीं सांखळीला लावलेला अजस्र काटेरी गोळा आहे. एकदां तो पाहिला कीं डोळ्यांपुढून हलत नाहीं. आपण टॉल्किन यांची लढाई रंगवितों आहोंत कीं चित्रपटवाल्यांची, हें या तरुणीनें आधीं ठरविलेंच पाहिजे. चित्रपटाची रंगवावयाची असेल तर तसें खुशाल करावें. न ठरवतां अर्धी ही व अर्धी ती केली कीं, दोन महिन्यांनीं कोठें तरी सांधा दिसूं लागतो. आणि वर सांगितलेल्या सोयीमुळें ती गदा पुसून गोळा, गोळा पुसून गदा, असा खेळ सुरू होतो. चित्र अर्धवट राहण्याचें हें पहिलें कारण. हाताचा दोष त्यांत फारसा नसतो. क्षण निवडलेला नसतो.

दुसरें कारण टॉल्किन यांनींच एका लहान गोष्टींत सांगून ठेवलें आहे. ‘लीफ बाय निगल’ या नांवाची ती गोष्ट १९४५ च्या जानेवारींत ‘डब्लिन रिव्ह्यू’ या नियतकालिकांत आली. निगल हा एक सामान्य चित्रकार. झाडापेक्षां पानें त्याला चांगलीं साधत. वाऱ्यावर हललेलें एक पान काढतां काढतां त्याचें झाड झालें, झाडामागें रान आलें, रानामागें बर्फाचे डोंगर आले, आणि कापड एवढें वाढलें कीं चित्रकाराला शिडी लावावी लागली. शेजारी कामें सांगे, प्रवासाचा दिवस जवळ येई, आणि निगल एकेका पानावर दंव रंगवीत बसे. अखेर त्याला जावें लागलें. तें मोठें कापड शेजाऱ्याचें छप्पर शाकारण्याच्या कामीं आलें आणि एक पान तेवढें गांवच्या संग्रहालयांत कांहीं काळ टिकलें. गोष्ट त्यापुढेंही जाते व निराळ्या लोकांत जाते, पण येथें तिचा पूर्वार्ध पुरे. ही गोष्ट प्रसिद्ध झाली त्या वेळीं टॉल्किन यांची ती मोठी कादंबरीच अर्धवट पडली होती. १९३७ मध्यें सुरू केलेलें तें लेखन पुरें व्हावयास १९४९ साल उजाडलें.

निगलला शिडी लागली. संगणकावर शिडीही लागत नाहीं. दोन बोटें फिरविलीं कीं चित्रांतील डोळा पडद्याएवढा होतो. या मोठें करून पाहण्याच्या सोयीनें जेवढीं चित्रें बुडविलीं असतील तेवढीं आळसानें बुडविलीं नसतील. हिशेब साधा आहे. छापण्याजोगें मोठें चित्र म्हणजे, समजा, ६००० ठिपके रुंद व ४००० ठिपके उंच. एकूण २ कोटी ४० लाख ठिपके. यांना पिक्सेल म्हणतात. इंचाला ३०० ठिपके या प्रमाणानें छापलें तर तें २० इंच रुंद व १३ इंचांहून थोडें अधिक उंच होईल. भिंतीवर तें चार-पांच फुटांवरून पाहिलें जाणार. या चित्रांत एओविनचा डोळा ३० ठिपक्यांचा असला, तर कागदावर तो एका इंचाचा दहावा भाग झाला. पडद्यावर तोच डोळा तळहाताएवढा करून त्याच्या पापण्या मोजून काढण्यांत दोन रात्री घालविल्या, तर त्या कोणासाठीं घालविल्या? शिवाय प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा, निळा व पारदर्शकता असे चार आंकडे लागतात. साध्या पद्धतींत प्रत्येकाला एक बाइट धरला तर पूर्ण भरलेल्या एका थराला ९६ मेगाबाइट जागा होते. असे ५० थर झाले कीं ४८०० मेगाबाइट; बेताचा संगणक येथें धापा टाकूं लागतो, लेखणी एक पळ मागें पडते, आणि चित्रकाराला वाटतें कीं आपला हातच मंदावला.

यावर जाणत्यांचा उपाय फार जुना आहे. मोठ्या चित्राआधीं आगपेटीएवढीं दहा-बारा रेखाटनें करावीं. त्यांत डोळे नकोत, बोटें नकोत. काळा, करडा आणि पांढरा एवढे तीन डाग पुरे. पंखांचा काळा डाग कोठें, आकाशाचा करडा कोठें, आणि त्या दोहोंच्या सीमेवर एओविनच्या केंसांचा पांढरा ठिपका कोठें, एवढेंच ठरवावयाचें. माणसाची दृष्टि जेथें अति काळें व अति पांढरें एकमेकांस भिडतात तेथें प्रथम जाते. जनावर हत्तीएवढें असलें व स्त्री अंगठ्याएवढी असली, तरी ही भेट तिच्या मस्तकाशीं घडवून आणली कीं चित्र तिचेंच होतें. आगपेटीएवढ्या रेखाटनांत जें दिसत नाहीं, तें २ कोटी ४० लाख ठिपक्यांतही दिसणार नाहीं. पुढें रंग भरल्यावर हें तपासण्यासाठीं संगणकांत उत्तम सोय आहे. एका आज्ञेनें सगळा रंग काढून घेतां येतो आणि चित्राचें काळें-पांढरें हाड उरतें. पुष्कळदां तांबडा झगा आणि हिरवें गवत रंगांत झगडत असतात, आणि रंग काढतांच दोन्ही एकाच करड्यांत विरघळतात!

आतां चित्राचा मधला काळ. हा काळ फार कंटाळवाणा, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाहीं. सुरुवातीचा उल्हास ओसरलेला असतो, शेवटचें तेज अद्याप आलेलें नसतें. चित्र कुरूप दिसतें. रेखाटनांत जो जोम होता तो रंगाखालीं गाडला जातो. थरांचीं नांवें न दिल्यामुळें ‘थर ८७’ वर काय आहे तें कळत नाहीं, आणि घोड्याचा कान म्हणून पुसलेला तुकडा राजाची बोटें निघतो. चुकलेली रेघ मागें घेण्याची सोय येथें व्यसन होते. एकच रेघ चाळीस वेळां काढली जाते आणि एकेचाळिसावी पहिल्यासारखीच असते. कांहीं चित्रकार या काळांत स्वतःला मुद्दाम अडचणींत घालतात. झालेले थर एकत्र करून टाकावयाचे, म्हणजे मागें फिरण्याची वाट बंद. किंवा एक संबंध दिवस रेघ मागें न घेतां काम करावयाचें. गिलाव्याची शिस्त संगणकावर अशी उसनी आणावी लागते.

या काळांतलें दुसरें काम अभ्यासाचें आहे, आणि अशा चित्राचा खरा लाभ बराचसा येथें होतो. पुस्तकांतल्या त्या जनावराला पिसें नाहींत; लांब बोटांमध्यें ताणलेल्या कातड्याचे त्याचे पंख आहेत. मग वटवाघळाचा पंख पाहिला पाहिजे. वटवाघळाचा पंख हा वस्तुतः हातच असतो. आंगठा आंखूड व मोकळा, बाकीचीं चार बोटें विलक्षण लांब, आणि त्यांच्यामध्यें पडदा. हें कळलें कीं पंखाच्या घड्या कोठून निघतात व कोठें मिळतात तें आपोआप समजतें. न कळलें तर पंख फाटक्या छत्रीसारखा दिसतो. टॉल्किन हे ऑक्सफर्ड येथें प्राचीन इंग्रजीचे अध्यापक होते व रोहानच्या त्या घोडेस्वारांवर प्राचीन इंग्रजांची छाप उघड आहे. तेव्हां शिरस्त्राणासाठीं सटन हू येथील शिरस्त्राण पाहावें. इंग्लंडच्या सफोक परगण्यांत १९३९ सालीं तें उत्खननांत सांपडलें व आज ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. एका जनावरासाठीं प्राणिशास्त्र आणि एका टोपासाठीं इतिहास वाचावा लागतो. परीक्षेसाठीं कोणी हें वाचलें नसतें.

चिलखताचें उदाहरण तर फार बोलकें आहे. कड्यांच्या चिलखतांत हजारों कडीं असतात. निगलच्या वृत्तीचा चित्रकार तीं एकेक काढीत बसतो आणि महिन्यानें एक बाही होते. शिवाय तीं सगळीं कडीं सारखींच ठळक झाल्यामुळें अंगावर चिलखत न दिसतां चाळणी दिसते. खांद्यावर जेथें उजेड पडला आहे तेथें वीस-पंचवीस कडीं नीट काढावीं, उजेड सरतो तेथें तीं टिंबांत उतरवावीं, आणि छायेंत नुसता करडा रंग ठेवावा. उरलेलीं कडीं पाहणाराची दृष्टि स्वतः काढते. चित्रांत काय घालावें यापेक्षां काय पाहणारावर सोंपवावें, हें कळावयास एखादें चिलखत शेवटपर्यंत रंगवावें लागतें. अर्धवट टाकलेल्या चित्रांत हा प्रसंग येतच नाहीं, कारण तीं पुष्कळदां चेहरा झाला कीं सोडलेलीं असतात.

मग शेवट येतो. म्हणजे आणावा लागतो. अनुभवी लोक दोन युक्त्या सांगतात. एक आरशाची. लिओनार्डो द व्हिन्सीनें आपल्या टिपणांत चित्रकारांना सल्ला दिला आहे कीं, काम आरशांत पाहावें. उलटें दिसलें म्हणजे तें दुसऱ्याचें वाटतें आणि चुका दिसतात. संगणकावर चित्र एका कळीनें उलटें होतें, आणि तीन महिने सरळ वाटलेल्या एओविनचा एक डोळा दुसऱ्याच्या खालीं घसरलेला दिसतो! दुसरी युक्ति यादीची. आठ दिवस चित्र पाहूंच नये. नंतर एकदां पाहून जे दोष दिसतील ते कागदावर लिहावे आणि कागद बंद करावा. यादींतले दोष काढावयाचे. नवे सुचले तर ते पुढच्या चित्राच्या यादींत घालावयाचे. हें लिहिण्यास सोपें आणि पाळण्यास फार अवघड आहे. चित्रकाराचें ज्ञान चित्राबरोबर वाढत असतें. तिसऱ्या महिन्यांत त्याला जें कळतें त्याच्या मानानें पहिल्या महिन्यांत काढलेला घोडा कच्चा दिसतो. घोडा सुधारला कीं राजा कच्चा दिसतो, राजा सुधारला कीं आकाश. या फेऱ्याला अंत नाहीं, आणि न वाळणारा रंग त्याला साथ देत असतो. जलप्रलय तसाच ठेवून पुढच्या भागाकडे वळण्याचें बळ मायकेल अँजेलोला गिलाव्यानें दिलें. या तरुणीनें तें स्वतःच्या निश्चयानें मिळवावयाचें आहे. घोडा कच्चा राहूं द्यावा. तो कच्चा आहे हें आतां दिसूं लागलें, हीच तीन महिन्यांची कमाई.

येथें आजच्या काळांतला एक आक्षेप येतो व तो टाळतां येण्यासारखा नाहीं. २०२२ सालापासून ‘मिडजर्नी’, ‘स्टेबल डिफ्यूजन’ यांसारखीं साधनें सर्वांच्या हातीं आलीं आहेत. प्रसंगाचें वर्णन शब्दांत लिहावें, कीं मिनिटा-दोन मिनिटांत चित्र तयार. तीं साधनें शिकविण्यासाठीं असंख्य चित्रकारांचीं चित्रें त्यांना न विचारतां वापरलीं गेलीं, अशी तक्रार करून कांहीं चित्रकारांनीं २०२३ मध्यें अमेरिकेंतील न्यायालयांत दावेही लावले. तो वाद बाजूला ठेवला तरी घरांतला प्रश्न उरतोच : मिनिटाचें काम तीन महिने कशाला? भिंतीवर लावण्यास एक चित्र हवें, एवढाच हेतु असेल तर या प्रश्नाला उत्तर नाहीं. पण वटवाघळाच्या आंगठ्याविषयीं त्या यंत्राला विचारून मुलीला कांहीं मिळत नाहीं. ऊन व पंख यांची एकाच क्षणांत गांठ पडत नाहीं हें यंत्र तिला सांगत नाहीं, तें दोन्ही देऊन मोकळें होतें. चाहत्याला आपली कथा आपल्या हातांतून जावयास हवी असते. तबला ऐकावयास मिळतो म्हणून शिकणारानें बोल घोटणें सोडलेलें नाहीं.

कायद्याची बाजूही थोडक्यांत सांगावयास हवी. कथा दुसऱ्याची आहे हें चाहत्यानें विसरूं नये. टॉल्किन १९७३ मध्यें वारले. लेखकाच्या मृत्यूनंतर ब्रिटनमध्यें ७० वर्षें व भारतांत ६० वर्षें स्वामित्वहक्क चालतो. म्हणजे तेथें २०४३ अखेर आणि येथें २०३३ अखेर. आपल्या आनंदासाठीं काढलेल्या चित्राबद्दल सहसा कोणी तक्रार करीत नाहीं. तें विकावयाचें असेल तर हक्कदारांची परवानगी घेतली पाहिजे. दुसऱ्या चित्रकाराच्या चित्रावर थर ठेवून तें गिरविणें ही बाब मात्र निराळी. संगणकावर तें फार सोपें आहे, म्हणूनच त्याविषयीं घरांत एकदां स्पष्ट बोलावें. अभ्यासासाठीं गिरवावें, पुढें करतांना मूळ चित्रकाराचें नांव सांगावें.

चित्र पुरें झालें असें ठरल्यावर तें छापून घेण्याचा मोह होतो व तो चांगला आहे. मात्र पडदा स्वतः प्रकाश देतो आणि कागद फक्त परत फेंकतो, हें लक्षांत ठेवावें. पडद्यावरचा झळझळीत निळा कागदावर मंदावतो, आणि पंखाच्या छायेंतील तीन-चार काळ्या छटा मिळून एकच काळा गोळा होतो. सबब प्रथम पांच-सहा इंचांची चांचणीची प्रत काढावी व ती खिडकीपाशीं दिवसाच्या उजेडांत पाहावी. छाया बुजल्या असल्यास त्या छपाईच्या वेगळ्या प्रतींत उजळाव्या. मूळ चित्राच्या दोन नकला दोन ठिकाणीं ठेवाव्या, आणि त्याला पुन्हां हात लावूं नये.